विश्रामनगरची चाकं

"वारा पडल्यावर माझ्या शहरात एक जरी दिवा विझला ना, तर ही किल्ली तुझी!" असं म्हणून आत्यानं स्कूटरची किल्ली टेबलावर अशी आपटली, की ती उसळून थेट भाऊच्या चहात पडली.

भाऊनं चमच्यानं किल्ली बाहेर काढली, रुमालानं पुसली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

"ताई, शब्द देतेस?"

"दिला. आणि दिवा नाही विझला, तर 'स्कूटर बंद कर' हे या घरात पुन्हा ऐकू येता कामा नये. तुझ्या तोंडून नाही, तुझ्या मुलाच्या नाही, तुझ्या सुनेच्याही नाही."

"मंजूर. गेलीच म्हणून समज किल्ली. फ्लायव्हीलवर शहर चालवतेय म्हणे! त्यापेक्षा फुंकर मारून चालव."

आता हे शहर कुठलं, त्यातले दिवे कसले, आणि स्कूटरनं त्यात कुणाचं घोडं मारलं, ते सांगायलाच हवं.

आत्या ही भाऊची थोरली बहीण. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेली. 'सावधान' हा शब्द ती ज्या आवाजात म्हणे, त्या आवाजात लोक 'आग लागली' सुद्धा म्हणत नाहीत. तरुणपणी तिला मागणी घालायला एक गृहस्थ आले होते. "पोक काढून काय बसता? पाठ ताठ करा!" असं तिनं त्यांना सांगितलं. ते पाठ ताठ करून जे गेले, ते पुन्हा आले नाहीत. त्याचं आत्याला कधी दुःख झालं नाही. निवृत्त झाल्यावर ती भाऊच्या घरी राहायला आली, आणि दुःख झालं ते तिथं. घर प्रेमळ होतं, इतकं प्रेमळ, की तिला काही म्हणजे काही करू देत नसे. स्वयंपाकघर भाच्यानं, म्हणजे भाऊच्या मुलानं, धरलेलं. तिनं किती चालावं, किती गोड खावं, हे सूनबाई ठरवायची. टीव्हीचा रिमोट भाऊच्या मुठीत. "तू बस गं, आत्या," हे वाक्य त्या घरात एवढ्या मायेनं म्हटलं जाई, की आत्याला ते ऐकून दरदरून घाम फुटे. उठून उभं राहावं अशा दोनच जागा तिला उरल्या होत्या. एक स्कूटर आणि दुसरी विश्रामनगर.

विश्रामनगर होतं संगणकात. भाच्यानं हौसेनं शहर वसवायचा खेळ आणला होता. रस्ते आखायचे, घरं बांधायची, माणसं राहायला आली की त्यांना पाणी, पाव, शाळा, वीज पुरवायची, असा तो खेळ. एका रविवारी तो खेळत असताना आत्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "रांग वाकडी आहे."

"रांग नाही आत्या, रस्ता आहे तो."

"तोच तो. ऊठ जरा, दाखवते."

भाचा जरा उठला. त्या खुर्चीवर त्याला पुन्हा बसायला मिळालं नाही. आत्यानं शहराचं नाव ठेवलं विश्रामनगर, आणि विश्रांती सोडून त्या शहरात सगळं होतं. घरं हातभर अंतरानं उभी, झाडं उंचीच्या क्रमानं, बुटकी पुढं आणि उंच मागं. तिथल्या चिमुकल्या माणसांना ती ओळखू लागली होती. एक टोपीवाला टपाल्या, एक सदा उशिरा निघणारा मास्तर, आणि दोन वेण्यांची पाववाली, जिला शहरात सगळ्यांआधी जाग यायची. "पोरगी चलाख आहे," आत्या कौतुकानं म्हणायची. "पायही छान उचलते."

त्या शहराला वीज मिळायची पवनचक्क्यांची. वारा कधी असतो, कधी नसतो. म्हणून वारा असताना वीज साठवून ठेवायची. त्याला खेळात दोन वाटा होत्या. एक बॅटरीची. आत्यानं पहिलं बॅटरीघर बांधलं, त्याला आग लागली. त्या आगीत वाचनालय गेलं, त्याचं तिला वाईट वाटलं. मैदानही गेलं, आणि ते मात्र तिनं माफ केलं नाही. दुसरी वाट फ्लायव्हीलची. म्हणजे एक भलंमोठं जड चाक. वारा आला की पवनचक्क्या त्याला गरागरा फिरवून ठेवतात. वारा पडला की ते आपल्या गतीनं फिरत राहतं आणि त्या फिरण्यातून वीज परत देतं.

"मुलं धावत सुटली ना," आत्या समजावून सांगायची, "की शिट्टी मारली तरी एकदम थांबत नाहीत. चार पावलं पुढं जातातच. त्या चार पावलांवर माझं शहर चालतं."

"आणि पाचव्या पावलाला?" भाऊ विचारायचा.

भाऊचा जन्म वीज कंपनीत गेलेला, इंजिनिअर म्हणून. बॅटरीचा विषय निघाला की दुसरे लोक नातवंडांबद्दल बोलतात तसा त्याचा गळा भरून यायचा. त्यामुळे बहिणीनं त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच दिवाणखान्यात चाकं फिरवावीत, हा त्याला आपल्या उभ्या नोकरीचा अपमान वाटे.

तेवढ्यात चौकातलं प्रकरण झालं. आत्याच्या स्कूटरचा हॉर्न बिघडला होता. हॉर्नवाचून काय अडतं, म्हणून ती शिट्टी तोंडात धरून स्कूटर चालवू लागली. आता जन्मभराची सवय, शिट्टी वाजायची ती नुसती वाजायची नाही, हुकूम सोडायची. एका सकाळी भर चौकात तिनं समोरच्या कुत्र्यासाठी शिट्टी फुंकली. कुत्रं तसंच बसून राहिलं, पण चारही बाजूंची वाहनं जागच्या जागी थांबली. मधोमध उभ्या वाहतूक पोलिसानं हातवारे केले, हाका मारल्या, कुणी हलेना. सगळे पुढच्या शिट्टीची वाट बघत राहिले, आणि आत्या तर केव्हाच निघून गेली होती.

पोलीस पत्ता शोधत घरी आला. चहा पिऊन, हात जोडून गेला, पण जाताना म्हणाला, "बाईंना सांगा, चौकात एका वेळी एकच शिट्टी असते."

झालं. घरातल्या मायेला तोंड फुटलं. स्कूटर बंद करा, हाडं या वयात जुळत नाहीत, आम्ही आहोत ना सोडायला. आत्या किल्ली बोटात फिरवत ऐकत होती. पण भाऊ जाता जाता बोलून गेला, "ताई, तुझं स्कूटरचं आणि त्या चाकांचं सारखंच आहे. आधीच्या जोरावर चाललंय सगळं." ते तिला झोंबलं. आणि किल्ली चहात पडली.

खेळात थंडी सरता सरता वारा आठवडाभर साफ पडायचा. तो आठवडा येत्या रविवारी दुपारी खेळायचा, असं ठरलं. तोवर आत्यानं तयारीला कंबर कसली.

तिनं चाकं वाढवली. चाकांची घरघर वाढली. माणसांच्या डोक्यावर रागाची लाल चिन्हं उगवू लागली, झोप लागत नाही म्हणून. आत्यानं आवाज अडवायला चाकांभोवती दाट झाडं लावली. झाडांनी आवाज अडवला, आणि त्याबरोबर वाराही अडवला. पवनचक्क्या पेंगायला लागल्या. आत्यानं झाडं तोडली. झाडं गेली तशी धूळ उठली, धुळीनं लोक खोकायला लागले, खोकणाऱ्यांसाठी इस्पितळ बांधावं लागलं. आणि इस्पितळ! ते एकटं अर्ध्या शहराची वीज पिऊ लागलं. त्यासाठी पुन्हा नवी चाकं.

"आत्या, दोन बॅटऱ्या लाव ना," भाचा हळूच म्हणाला. "कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"बाबांना सांग, चाकंच होती."

"तू नक्की कुणाच्या बाजूनं आहेस रे?"

"दोघांच्या," भाचा म्हणाला. ते खरंच होतं. वारा येईल तसं फिरण्यात त्या घरात पवनचक्कीनंतर त्याचाच नंबर होता.

रविवार आला. सूनबाईनं पंच म्हणून खुर्ची मांडली. ती जनावरांची डॉक्टर होती, त्यामुळे या घरात तिला नवीन असं काही वाटायचं नाही. भाऊ संगणकाच्या उजवीकडे मांडी ठोकून बसला. आत्यानं गळ्यात शिट्टी अडकवली.

वारा पडला. पवनचक्क्या थबकल्या. आणि चाकं मात्र फिरत राहिली. घरोघरी दिवे, रस्त्यांवर दिवे, इस्पितळ झगमगत होतं.

"बघ," आत्या म्हणाली.

"बघतोय. अजून चारच पावलं झालीत."

खेळातले दोन दिवस गेले आणि चाकं जड पडू लागली. बाजारपेठेतले दिवे मिणमिणायला लागले. भाऊनं किल्लीकडे हात नेला, नुसता टेबलावरची धूळ झटकल्यासारखा. तेवढ्यात आत्याला पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण दिसलं. माणसांना चाकं ढकलायला लावायचं बटण.

"हे काय? हे चालायचं नाही!" भाऊ ओरडला.

"खेळात आहे ना? मग चालतं," सूनबाई म्हणाली.

आत्यानं शिट्टी फुंकली, बटण दाबलं. रिकामे बसलेले लोक चाकांना लागले. दिवे उजळले. पण थोड्या वेळानं ते दमले, मग तिनं माळी बोलावले. मग टपालवाले. सदा उशिरा निघणाऱ्या मास्तराला तिनं सर्वांत पुढं उभं केलं. "हलव पाय! मान वर! काय मरगळ ही!" पडद्याला नाक लावून आत्या ओरडत होती, पडद्यावरची माणसं वाकून ढकलत होती.

मास्तर नाहीत म्हणून शाळा बंद पडली, मुलं घरी बसली, मुलांपायी आया घरी बसल्या. टपाल साचलं. आत्यानं अग्निशमन दलाला बोलावलं, आणि त्याच क्षणाला गोदामाला आग लागली. विझवायला कुणी नाही. गोदाम जळून खाक झालं. मग डॉक्टर बोलावले. इस्पितळात दिवे लखलखीत आणि तपासायला कुणी नाही. शेवटी पाववाले बोलावले.

"आत्या," भाचा म्हणाला, "पाव कोण भाजणार?"

"आठवडाभर पाव नाही खाल्ला तर कुणी मरत नाही. ढकला!"

ती माणसं मेली नाहीत, पण जायला लागली. घराच्या दारात बारीकशी पेटी दिसायची, मग माणूस रस्त्यानं चालत शहराबाहेर. एक गेला, दोघे गेले, मग गल्लीच्या गल्ली उठली. आत्या शिट्टीवर शिट्टी फुंकत होती. त्या शिट्टीनं चौकातली वाहनं थांबली होती, ही एवढीशी माणसं थांबेनात.

आणि देवाची करणी बघा. माणसं जशी गेली, तशी वीज लागेनाशी झाली. पाणी उपसायला नको, भट्ट्या पेटवायला नकोत. उरलेल्या गतीवर चाकं निवांत फिरत राहिली आणि दिवे पूर्वीपेक्षा झळझळीत लागले. अखेर चाकापाशी एकटी दोन वेण्यांची पाववाली उरली. तिनं चाक सोडलं, पेटी उचलली आणि चालू लागली. खेळातली माणसं मागे वळून बघत नाहीत, त्यांना तसं बनवलेलंच नसतं. पण आत्याला ती वेशीपाशी थांबून बघताना दिसली.

मग वारा सुटला. आठवडा संपला. आख्खं विश्रामनगर दिव्यांनी लखलखत होतं आणि त्यात चिटपाखरू नव्हतं.

भाऊनं पडद्यावर बोट टेकवलं.

"हरलीस!" तो म्हणाला. "शहरात माणूस उरला नाही!"

"एक दिवा विझलेला दाखव," आत्या म्हणाली. आवाज तोच होता, फक्त शिट्टी तिनं गळ्यातून काढून ठेवली होती. "पैज दिव्यांची होती."

"अगं, पण..."

"दाखव! बाजारात बघ, इस्पितळात बघ. एक विझलेला दाखव आणि किल्ली ने."

"सूनबाई, तू सांग. हा न्याय झाला का?"

सूनबाईनं दोघांकडे पाहिलं. शिंग मारणारी आणि लाथ मारणारी अशा दोन गाईंमध्ये उभं राहायचा तिला सराव होता. "बाबा, शब्द म्हणजे शब्द. एकही दिवा विझला नाही. आत्या जिंकल्या. घ्या आत्या, किल्ली उचला."

आत्यानं किल्ली उचलली. मुठीत धरली. पडद्याकडे पाहत राहिली. रिकाम्या रस्त्यावर दिव्यांची रांग सरळ रेषेत उभी होती, हातभर अंतरानं, एकही वाकडा नव्हता. मग तिनं किल्ली भाऊच्या पुढ्यात ठेवली.

"घे."

"अं?"

"हरले नाहीये मी. जिंकलेय. पण ज्या शहरातून पाववाली निघून गेली, ते शहर जिंकल्याचं मी सांगत फिरणार नाही. किल्ली मी हरले नाही, किल्ली मी दिली. नीट लक्षात ठेव."

भाऊला त्या रात्री फार शांत झोप लागली. बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, की ती शेवटची.

सकाळी डोळे उघडतोय तर आत्या उशाशी उभी. डोक्यावर हेल्मेट, खांद्याला पिशवी.

"छोट्या, चल. तलावावर सोड."

"आत्ता? अजून कावळासुद्धा उठला नाही!"

"कावळ्याकडे किल्ली नाही, तुझ्याकडे आहे. स्कूटर मी चालवायची नाही, एवढंच ठरलं. मी बसून राहायचं असं कुठं ठरलंय?"

पोहायच्या तलावावर आत्या तिच्या वयाच्या बायकांना पाण्यात कवायत शिकवायची. भाऊ काठावर त्या सगळ्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसला. तिथून एका मैत्रिणीकडं. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तिला आत्या चालायला शिकवत होती. भाऊला आकडे मोजायला बसवलं. "मोठ्यानं मोज! तिला ऐकू कमी येतं." तिथून वाचनालय, गल्लीतल्या अर्ध्या लोकांची पुस्तकं बदलायला. मग चांभार.

"चांभाराकडे काय?"

"तुझ्या चपलेचा तळ. मग तुझे डोळ्यांत घालायचे थेंब. मग तुझी ती मऊ टोकाची पेन्सिल, जी एकाच दुकानात मिळते."

भाऊला आजवर वाटायचं, या वस्तू कपाटात आपोआप उगवतात. संध्याकाळी आत्या पुन्हा हेल्मेट घालून उभी.

"आता कुठं?" भाऊ कण्हला.

"तुझ्या बुद्धिबळवाल्याला आणायला."

"तो रोज चालत येतो!"

"त्या गुडघ्यांनी? बारा महिने मी आणते त्याला, कोपऱ्यावर उतरवते. तुझ्यासमोर बाईमाणसामागून उतरायला लाजतो तो."

भाऊ स्कूटर चालवायचा म्हणजे काय चालवायचा! एकदा बाळाला फिरवणारी एक बाई ढकलगाडी घेऊन मागून आली आणि "जरा बाजूला हं, आजोबा" म्हणून पुढं निघून गेली. मागे बसलेल्या आत्याला हे कसं सोसावं? ती मागून शिट्टी फुंकायची. शिट्टी वाजली की सगळ्यांत आधी भाऊच थांबायचा. लहानपणापासूनची धास्ती ती. भर चौकात तो असा थांबे, की मागची रांग थेट पुलापर्यंत जाई. अखेर तो वाहतूक पोलीस घाम पुसत जवळ आला.

"बाई, तुम्हीच चालवा," तो आत्याला म्हणाला. "तुम्ही सगळ्यांना थांबवायचात, कबूल. पण निदान स्वतः तरी पुढं जायचात."

आठवडा पुरा व्हायच्या आतच भाऊची कंबर धरली. त्यानं किल्ली रुमालात गुंडाळून आत्यापुढं आणून ठेवली.

"ताई, झालं ते झालं. ही घे."

"काय हे?"

"किल्ली."

"कुणाची?"

"तुझीच की!"

"माझी नाही. मी दिलीय. दिलेली वस्तू मी परत घेत नाही." आणि आत्या खुर्चीत जाऊन पाठ ताठ करून बसली. "तुम्हा सगळ्यांना मी बसलेली हवी होते ना? बसले."

ती खरंच बसली. आणि घर ठप्प झालं. भाऊचे थेंब संपले. बुद्धिबळवाला येईना. तलावावरच्या बायका दारात येऊन विचारू लागल्या. सूनबाईच्या दवाखान्यातली बरी झालेली मांजरं टोपल्यांत ओरडत राहिली, कारण त्यांना घरोघर पोचवणारीही आत्याच होती. जो तो तिच्यासमोर येऊन उभा राही.

"आत्या, ऊठ ना," भाचा.

"आत्या, माझं चुकलं, चालण्याचं मी काही म्हणणार नाही. गोडाचंही नाही," सूनबाई.

आत्या ढिम्म.

"अगं, काय करू म्हणजे उठशील?" भाऊनं शेवटी हात टेकले.

आत्यानं मान वळवली. "विश्रामनगरात माणसं परत आण."

"एवढंच? आत्ता आणतो. चार बॅटऱ्या टाकल्या की..."

"बॅटरी एकही नाही. चाकं तीच. त्याच चाकांवर वारा पडलेला आठवडा काढायचा."

"ते अशक्य आहे! शास्त्रात बसत नाही!"

"मग बस स्कूटर चालवत."

भाऊ खुर्चीवर बसला. भाच्याला वाटलं होतं तिथं आपण बसू, पण त्याचं नशीबच तसं. भाऊनं चाकं शहराबाहेर हलवली, रस्ते तसेच ठेवले. ते वाकडे करायची त्याची छाती नव्हती. हळूहळू माणसं आली. मास्तर आला, उशिराच आला. मग एका सकाळी भट्टीतून धूर निघाला आणि दोन वेण्या दिसल्या. आत्या खुर्चीतून किंचित पुढं झुकली, पुन्हा ताठ झाली.

आणि वारा पडला. चाकं जड झाली. बाजारातले दिवे मिणमिणायला लागले. भाऊनं ते बटण दाबलं.

"ढकला रे! अरे, बघताय काय?" इंजिनिअरसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "ए मास्तर, जोर लाव! ए पाववाले, हात चालव की, हात! मी सांगतोय ना!"

पाववालीच्या दारात एक बारीकशी पेटी दिसली.

"ए, ए, कुठं चाललीस? थांब! थांब म्हणतो ना!"

मागून हेल्मेटचा पट्टा लावल्याचा आवाज आला. आत्या उठली होती. तिनं टेबलावरची किल्ली उचलली आणि दाराशी जाऊन थांबली.

"ओरडू नकोस त्यांच्यावर, छोट्या," ती म्हणाली. "ओरडलं की जातात. मी करून बघितलंय."

आणि मांजरांच्या दोन टोपल्या घेऊन ती जिना उतरून गेली.

भाऊ पडद्याकडे बघत राहिला. मग इकडं तिकडं पाहून, कुणी ऐकत नाहीसं बघून, तो पडद्यापाशी वाकला. "दमलात का?" त्यानं हळूच विचारलं. "बसा जरा. बसा."

त्यानं बटण सोडलं. माणसं चाकांपासून उठली. पाववाली पेटी तशीच ठेवून भट्टीकडं वळली. बाजाराच्या टोकाला एक दिवा विझला. भाऊनं तो विझू दिला.